वाईट आधी सांग

"वाईट आधी सांग. चांगलं काय, ते थांबतं."

कुणीही काही सांगायला आलं की आपांचं हे वाक्य ठरलेलं. कडेवर कुणाचं तरी पोर, चष्मा डोक्यावर सरकवलेला, मान जराशी तिरकी. समोरचा "आपा, एक आनंदाची बातमी आहे" असं सुरू करायचा आणि हे ऐकून गडबडायचा. कारण बहुतेकांकडे वाईट बातमीही असायचीच. ती शेवटी हळूच सरकवायचा त्यांचा बेत असायचा. आपा तो बेत दारातच मोडायच्या.

संस्था चालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माईक हातात आला की त्यांचा आवाज बदलतो. आपांचा बदलत नसे, कारण त्या माईक घ्यायच्याच नाहीत. त्यांची तीन पाळणाघरं होती. बिबवेवाडीत, कर्वेनगरात आणि खराडीत. घरकामाला नाहीतर बांधकामावर जाणाऱ्या बायकांची मुलं सकाळी आठला घ्यायची आणि संध्याकाळी सहाला परत द्यायची. "घेतली तशी परत द्यायची, फक्त पोट भरून," एवढंच त्या आपल्या कामाबद्दल सांगायच्या.

पाळणाघर नसलं की काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ते आमच्याच घरात होत होतं. बिबवेवाडीच्या डोंगरउतारावर आमची पत्र्याची खोली. वडील रंगकाम करायचे. परांचीवरून पडले आणि कमरेतून गेले. आई चार-पाच घरची धुणीभांडी करायची. धाकटा भाऊ नुकता चालायला लागलेला, खोलीपुढे उतार आणि उताराखाली रिक्षांचा रस्ता. आई जुन्या साडीची पट्टी त्याच्या कमरेला बांधायची, दुसरं टोक खाटेच्या पायाला, आणि कामाला जायची. वडील त्याच खाटेवर पडून त्याचं रडणं ऐकायचे. उठून त्याला उचलून घेणं त्यांच्याच्याने होत नसे. भाऊ फार रडला की मी शाळा बुडवायची. मग रोजच बुडायला लागली. मग कुणी विचारेनासं झालं.

वस्तीत फिरत फिरत आपा एक दिवस आमच्या दारात उभ्या राहिल्या. आई नेमकी तेव्हाच कामावरून आली होती. त्या पट्टीकडे बघतायत हे पाहून आईच आधी तडकली.

"पळतंय हो पोरगं रस्त्याकडं, म्हणून बांधलंय. मी काय वैरीण हाय का त्याची?"

"मी काही म्हटलं का?" आपा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हिला कशाने बांधलंय?"

पुढच्या आठवड्यात भाऊ पाळणाघरात आणि मी शाळेत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, तेही नापास न होता. हे मी कुणी न विचारता सांगते आणि यापुढेही सांगणार आहे. निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आपांकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, अर्धा कडेवरच्या पोराला दिला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. ऑफिस बघायला माणूस हवंय." तेव्हापासून पाळणाघरात असेपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "या, पदवीधर." "पदवीधर, चहा घेणार का?" त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला कधी नीट कळलं नाही. बहुतेक निम्मं निम्मं असावं.

आपा अगदी जुन्या पुण्यातल्या. वडिलांचं पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान होतं. स्वतः बँकेत नोकरी करून मुदतीआधी निवृत्त झालेल्या. एकदा एका कार्यक्रमात एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मुस्लिम ना? मराठी किती सुरेख बोलता!"

"तुमचंही वाईट नाही," आपा म्हणाल्या आणि भजी घ्यायला पुढे सरकल्या.

पाळणाघरात त्यांचा एक नियम होता. पाहुणे येणार म्हणून काही बदलायचं नाही. देणगीदार येवोत नाहीतर साहेब येवोत. रडणारं रडेल, शेंबडं शेंबडं राहील, खिचडी सांडायची ती सांडेल. "नाटक बघायचं असेल तर त्यांनी तिकीट काढून नाट्यगृहात जावं," म्हणायच्या.

हा नियम खराडीत मोडला गेला, आणि तोही प्रेमाने. खराडीच्या पाळणाघराचा खर्च तिथलीच एक मोठी कंपनी करायची. एके वर्षी कंपनीने कळवलं की आमची माणसं पाहणीला येतील, मग पुढचं ठरेल. ही बातमी मुलांच्या आयांपर्यंत गेली. आयांनी आपसांत ठरवलं, आपल्या सेंटरची अब्रू जायला नको. ज्यांची मुलं आजारी, ज्यांच्या डोक्यात उवा, ज्यांना अंगावर घालायला धड कपडा नाही, त्या बायकांनी त्या दिवशी कामावर खाडा केला आणि मुलांना घरी ठेवलं. स्वतःची मजुरी बुडवून! उरली ती मोजकी मुलं, तेल लावून भांग पाडलेली, भिंतीला टेकून बसवलेली.

गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली कंपनीची तरुण मुलंमुली आली. त्यांना खोली स्वच्छ दिसली, शांत दिसली, आणि रिकामी दिसली. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "इतकीच मुलं असतात का?"

खराडी सांभाळणाऱ्या रेखाताईंनी खरं सांगायचं ना! पण त्यांनाही त्या दिवशी अभिमान चढला होता. म्हणाल्या, "आमच्याकडे रोज असंच असतं सर. अगदी शांत."

कंपनीने लिहून कळवलं की इथली गरज अपेक्षेपेक्षा कमी दिसते. पुढच्या वर्षापासून त्यांनी झाडं लावायचं ठरवलं होतं.

रेखाताई कोपऱ्यात बसून रडत होत्या. आपा म्हणाल्या, "अब्रू राहिली ना? मग आता तीच शिजवून वाढा मुलांना." रेखाताई आणखी रडायला लागल्या. आपा स्वतः आत जाऊन त्यांच्यासाठी चहा करून घेऊन आल्या. परतताना बसमध्ये मला म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी नियम सांगितला, त्याचं कारण नाही सांगितलं. आपल्या पोराला शेंबूड आहे हे पाहुण्याला दाखवायचं, हे कुठल्या आईला आपणहून सुचेल?"

आमचा दुसरा आधार परदेशातला होता. तिकडे स्थायिक झालेल्या काही पुणेकरांचा छोटासा ट्रस्ट होता, तो दरवर्षी न चुकता पैसे पाठवायचा. परदेशी देणगी घ्यायची तर सरकारची परवानगी लागते, आणि ती ठरावीक वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. आमचा अर्ज गेला आणि अडकला. नाकारला असता तर कारण तरी समजलं असतं. विचारलं की एकच उत्तर यायचं, प्रक्रियेत आहे.

"आपा, दिल्लीहून उत्तर आलं," मी एकदा उत्साहाने सांगायला गेले.

"वाईट आधी सांग."

"उत्तरात काही नाही."

"मग तू धावत का आलीस?"

त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं, देणग्या कशा मिळवायच्या त्यावर बोलणं होईल. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि सांगितलं की खराडी आणि कर्वेनगर बंद करायचं. बिबवेवाडी ठेवायचं.

खोलीत एकदम गलका झाला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

"आपा, बँकेत अजून पैसे आहेत. एवढ्यात का?"

"आहेत म्हणूनच. बंद करायलाही पैसे लागतात. बायकांचे शेवटचे पगार, मुलांची दुसरीकडे सोय. पैसे संपल्यावर बंद पडणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. आई पोर घेऊन येते आणि दाराला कुलूप असतं. तसं मी करणार नाही."

"आणि पुढच्या महिन्यात परवानगी आली तर?"

"आली तर परत उघडू. परवानगी आली म्हणून मी काही दुःखाने मरणार नाही."

"तुम्ही बँकेतल्या माणसासारखं बोलताय."

"पदवीधर, मी बँकेतलीच आहे."

रागाच्या भरात दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते जाणवलं की नाही कोण जाणे, कारण त्या ऑफिसात नव्हत्याच. दोन्ही पाळणाघरांतल्या एकेका मुलाची सोय लावत त्या वस्त्यांमधून फिरत होत्या. कुणाला अंगणवाडीत, कुणाला शेजारच्या आजीकडे, कुणाला दुसऱ्या संस्थेत. बहुतेकांची सोय झाली. खराडीतल्या काहींची झाली नाही. त्यातल्या एका घरात धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीला शाळेतून काढल्याचं कळलं. आपा त्या घरी गेल्या. परत येऊन खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्यांच्या कडेवर पोर नव्हतं. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

मला तेव्हा त्यांचा राग येणं बंद झालं. दुसरं काय वाटलं ते मला धड सांगता येत नाही. ती मुलगी म्हणजे मीच होते, एवढं मात्र समजत होतं.

आता बिबवेवाडी उरलं. ते तगलं नसतं तर आमच्या वस्तीतल्या घराघरांतली थोरली मुलगी पुन्हा घरी बसली असती. आपांनी ठरवलं की इथून पुढे पैसे अशा ठिकाणाहून आणायचे जिथे परवानगी लागत नाही आणि पाहणी होत नाही. आया ज्या घरांत काम करतात, त्या घरांतून. पगार ठरवताना दिवाळीचा बोनस ठरतो, सुट्ट्या ठरतात, तशी पाळणाघराची फी ठरली पाहिजे. बाईचं पोर सांभाळलं जातं म्हणून बाई वेळेवर येते, तर त्याचा भार थोडा त्या घरानेही उचलावा.

बायकांना हे ऐकूनच घाम फुटला. "आपा, मॅडम काढून टाकतील."

"म्हणून तर सराव करायचा. मी मॅडम होते. चला, कोण येतंय?"

आणि आपा मॅडम झाल्या. कुठे शिकल्या होत्या कोण जाणे, पण खुर्चीत रेलून, हातातल्या काल्पनिक फोनवरून नजर न उचलता त्यांनी सुरुवात केली.

"काय गं, आज काय नवीन? पाळणाघराची फी? अगं, आम्ही काय तुमच्या पोरांचा ठेका घेतलाय?"

समोर माझी आई उभी होती. भाऊ आता मोठा झाला होता, पण बाकीच्यांची भीड मोडायला आधी तीच पुढे झाली. मग म्हणाली, "ठेका न्हाई वो मॅडम. पण पोरगं घरी ठेवलं की मी न्हाई यायची. मी न्हाई आले तर भांडी तुमची हायती."

"धमकी देतेस?"

"खरं सांगतीया."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. आमच्या बायका मुलांना घेऊनच यायच्या."

"मग आणू का उद्यापासनं? लय वांड हाय. तुमचं ते काचेचं कपाट…"

पाळणाघर हसून हसून लोळायला लागलं. आपा हसल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "कपाटाचं नको बोलू, त्याची धमकी होते. भांड्यांचं पुरे." मग पुढची बाई उभी केली. रोज कामावरून आल्यावर अर्धा तास हा सराव चालायचा. ज्या बाईच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तिला आपा सर्वांत जास्त बोलायच्या. तिला रडू येईपर्यंत बोलायच्या आणि मग पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "याच्याहून वाईट कुणी बोलणार नाही तुला. आता जा."

काही बायकांची कामं सुटलीच. त्यांना दुसरी मिळाली. पण हळूहळू घरं फी द्यायला लागली. काही कुरकुरत, काही आपणहून. एका आजोबांनी तर वर खाऊसाठीही पैसे पाठवले, आणि सोबत चिठ्ठी की पावती वेळेत मिळावी.

सगळं जमतंय असं वाटत असतानाच तो फोटो फिरला. आपा एका मुलाला भरवतायत, असा साधा फोटो. खाली कुणीतरी लिहिलेलं, की बघा, परदेशी पैशावर ही बाई आपल्या मुलांना काय शिकवते. सोसायट्यांच्या ग्रुपवर तो फिरत राहिला. ज्या मॅडम नुकत्या फी द्यायला लागल्या होत्या, त्याच विचारू लागल्या, "ती बाई कोण गं?"

पाळणाघराची जागा महापालिकेच्या समाजमंदिरातली. तिचा करार संपत आला होता. वॉर्डातले माजी नगरसेवक ऑफिसात आले. माजी असले तरी वॉर्डात शब्द त्यांचाच चालायचा. बोलणं अतिशय गोड. चहा घेतला, मुलांच्या गालाला हात लावला.

"आपा, तुमच्याविषयी आम्हाला आदरच आहे हो. पण लोक बोलतात, वरून विचारणा होते. कार्यकारिणीत थोडा बदल झाला असता, तर करार करून घेणं सोपं गेलं असतं."

"बदल म्हणजे माझं नाव."

"तुम्ही समजूतदार आहात."

"ते मी लहानपणापासून ऐकतेय," आपा म्हणाल्या. "चहा निवतोय तुमचा."

ते गेल्यावर मी पेटले. म्हटलं, कोर्टात जाऊ, पेपरात देऊ, सह्यांची मोहीम काढू. शिकले कशाला मी? आपांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण बरोबर ठरायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर मुलं कुठे ठेवायची? तुझ्या बरोबर असण्यात?"

"मग त्यांचंच खरं करायचं?"

"त्यांचं खरं नाही होत. मी जाते, एवढंच होतं. मी म्हणजे पाळणाघर नाही. हे त्यांना कळलेलं नाही, निदान तुला तरी कळू दे."

पुढच्या बैठकीत त्यांनी राजीनामा दिला आणि अध्यक्ष म्हणून माझ्या आईचं नाव सुचवलं. आई घाबरून उभीच राहिली.

"अवो आपा, मला निस्ती सही येती."

"अध्यक्षाला तेवढीच लागते."

"आन् उद्या हे लोक माझ्या डोक्यावर चढलं तर?"

"मॅडमला बोलायचीस तसं बोल."

कुणी हसलं नाही. आईने पदर तोंडाला लावला होता. आपांनी आणखी एक सांगितलं, की आपला उल्लेख कुठे करायचा नाही. भिंतीवर फोटो नको, अहवालात नाव नको, भाषणात आठवण नको. "बाहेर म्हणजे बाहेर. अर्धवट बाहेर राहिले तर तुम्हालाच त्रास." मग दप्तराचं कपाट माझ्या स्वाधीन केलं, स्वयंपाकघरात जाऊन खिचडीत मीठ पाहिलं, थोडं टाकायला सांगितलं आणि चपला घालून निघाल्या. मुलं जेवत होती. कुणी मान वर केली नाही.

करार झाला. नगरसेवक स्वतः नारळ घेऊन आले होते.

आपा कोंढव्यात राहतात. आमच्यापासून बसने फार लांब नाही. मी अधूनमधून जाते. त्या फळं कापून देतात, गुडघ्यांची तक्रार करतात, पाळणाघराचं मात्र काही विचारत नाहीत. मी आपणहून सांगायला लागले की ऐकतात, आणि मध्येच उठून गॅस बंद करायला जातात. बालदिनाला बोलावलं तर म्हणाल्या, "मी आले की फोटो निघतो. निघाला की फिरतो. नको." मी आग्रह केला. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "जा आता, उशीर होईल."

त्यांची कोंढव्याची बस पाळणाघरावरूनच जाते. रेखाताई आता बिबवेवाडीत काम करतात. त्यांनी एकदा दुपारी मुलांना ओट्यावर हात धुवायला आणलं असताना सिग्नलला थांबलेल्या बसच्या खिडकीत आपांना पाहिलं. हाक मारणार होत्या, पण आपांची मान सरळ समोर होती. बस सुटेपर्यंत तशीच राहिली.

खराडीचं पाळणाघर बंद आहे, कर्वेनगरचंही. परवानगी अजून प्रक्रियेत आहे. आत्ता बिबवेवाडीला येणाऱ्या मुलांनी आपांना कधी पाहिलेलं नाही. बिबवेवाडीचं पाळणाघर चालू आहे. ते आया चालवतात, खर्च त्यांच्या फीवर आणि त्या ज्या घरांत राबतात त्या घरांच्या पैशावर भागतो, आणि आमच्या वस्तीतली एकही मुलगी या वर्षी भावंडं सांभाळायला घरी बसलेली नाही.